उद्याचा पाऊस आणि २१०० सालचे तापमान

दर पावसाळ्यात हवामान खात्याचा एखादा अंदाज हुकला की एक युक्तिवाद हमखास डोके वर काढतो: उद्या पाऊस पडेल की नाही हे ज्यांना धड सांगता येत नाही, ते २१०० साली पृथ्वी किती तापलेली असेल हे कशाच्या जोरावर सांगतात? सवाल ऐकायला बिनतोड वाटतो. तो पारावर विचारला जातो, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात विचारला जातो, आणि शिकलीसवरली माणसेही तो मान डोलावत ऐकतात. त्यामागे अनुभव आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पावसाच्या अंदाजावर विसंबून ज्याने पेरणी केली आणि मग दुबार पेरणीसाठी उधारीवर बियाणे आणले, त्याचा राग खरा आहे. पण राग खरा असला म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. हा निष्कर्ष मुळातच चुकलेला आहे, आणि हवामानबदलाला तोंड देण्याची तयारी टाळण्यासाठी तो वापरला जातो म्हणून त्याचा पुरता समाचार घेणे गरजेचे आहे.

या सवालात दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधलेले आहेत. पहिला प्रश्न अमुक ठिकाणी अमुक दिवशी काय होईल हा. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी संगणकावर वातावरणाचे एक सोपे प्रारूप चालवताना ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. फरक नगण्य होता, पण थोड्या वेळाने प्रारूपातले हवामान आधीच्यापेक्षा पार वेगळे निघाले. यातूनच १९६३ साली त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. आजच्या वातावरणाची नोंद कितीही काटेकोर घेतली तरी तिच्यात बारीक चूक राहतेच, ती वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांनंतर दिवसवार अंदाजाला अर्थ उरत नाही. ही मर्यादा खरी आहे, आणि ती हवामानशास्त्रानेच शोधून जगाला सांगितलेली आहे. दुसरा प्रश्न मात्र निराळा. नाशिकला येत्या १४ जानेवारीला पारा किती असेल हे आज कोणालाही सांगता येणार नाही; पण नाशिकचा जानेवारी नाशिकच्या मे महिन्यापेक्षा गार असेल हे शाळकरी पोरही सांगेल, आणि पंचवीस वर्षांनंतरच्या जानेवारीबद्दलही तितक्याच खात्रीने सांगेल. कारण ते विधान आजच्या वाऱ्यांवर अवलंबून नाही, सूर्याकडून कुठल्या महिन्यात किती ऊर्जा मिळते यावर अवलंबून आहे. मृग नक्षत्राच्या सुमारास रान तयार ठेवणारा शेतकरी याच दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आला. एखाद्या साली मृग कोरडा गेला म्हणून जूनमध्ये पावसाळा येतो हे ज्ञान खोटे आहे, असे तो कधी म्हणाला नाही.

पृथ्वीच्या तापमानाबद्दलचे भाकीत या दुसऱ्या जातीचे आहे. पृथ्वीवर सूर्याची किती ऊर्जा येते आणि पृथ्वी किती ऊर्जा अवकाशात परत टाकते, या जमाखर्चाचा तो प्रश्न आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ पृथ्वीकडून निघणारी उष्णता अडवतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांत मोजून दाखवले. त्याआधी १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन बाईंनी कार्बन डायऑक्साइड भरलेली काचेची नळी उन्हात जास्त तापते असे नोंदवले होते. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८९६ साली, संगणक सोडाच पण विमानही उडाले नव्हते तेव्हा, कागदावर हिशेब करून हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल ते मांडले. त्यांचे उत्तर पाच ते सहा अंश सेल्सिअस होते, आजच्या मानाने जास्तच; पण दिशा बरोबर होती. आज हवामानबदल म्हणजे कालपरवा निघालेले खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी ही सनावळी लक्षात घ्यावी. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. टिंडल यांचे प्रयोग त्याहून जुने आहेत.

हिशेब मांडणे वेगळे आणि तो खरा ठरणे वेगळे, हा आक्षेप मात्र रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली एक प्रारूप प्रसिद्ध केले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास जमिनीलगतचे तापमान दोन अंशांहून थोडे अधिक वाढेल, असे त्यातून निघाले. पण त्याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली: खालची हवा तापत असताना वरचा स्थितांबराचा थर गार होत जाईल. तेव्हा हे तपासण्याएवढी मोजमापे कोणाकडेच नव्हती. पुढच्या दशकांत उपग्रहांनी आणि फुग्यांनी ती घेतली आणि स्थितांबर खरोखरच गार होत गेलेले दिसले. सूर्य जास्त तळपत असल्यामुळे तापमान वाढले असते, तर वरचा थरही तापायला हवा होता. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. दुसरी परीक्षा निसर्गाने घेतली. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि प्रचंड प्रमाणात गंधकयुक्त वायू स्थितांबरात गेला. त्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे सूर्यप्रकाश परावर्तित होऊन पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल आणि १९९२ च्या अखेरीकडे ही घट सर्वाधिक असेल, असे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुरुवातीलाच छापून मोकळे केले. तसेच घडले. त्या दीड वर्षात मनिलाला किंवा मुंबईला कुठल्या दिवशी पाऊस पडेल हे त्यांच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. ते माहीत असण्याची गरजही नव्हती. ज्याला उद्याचे सांगता येत नाही त्याला पुढचे सांगता येत नाही हा युक्तिवाद इथे जगासमोर कोसळला.

भाकिते चुकलीच नाहीत असेही नाही. हॅन्सन यांच्याच १९८८ च्या प्रारूपाने प्रत्यक्षात झाली त्यापेक्षा जास्त तापमानवाढ वर्तवली होती, आणि हे उदाहरण विरोधक आवडीने देतात. पण ते का चुकले हे सांगायचे ते टाळतात. पुढच्या काळात मिथेन आणि शीतकयंत्रांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू हवेत किती जातील याचा हॅन्सन यांचा अंदाज चढा होता; मॉन्ट्रियल करारामुळे त्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या वायूंना आळा बसला. माणसे किती वायू सोडतील हे भौतिकशास्त्राला कळत नाही, ते आपल्या निर्णयांवर ठरते. १९७० ते २००७ या काळातल्या १७ भाकितांची २०१९ साली शास्त्रज्ञांनी तपासणी केली. प्रत्यक्ष सोडले गेलेले वायू हिशेबात धरले तर त्यांपैकी १४ भाकिते निरीक्षणांशी जुळली. अगदी अलीकडची काही प्रारूपे गरजेपेक्षा जास्त तापतात हेही याच क्षेत्रातल्या लोकांनी उघडपणे मांडले, आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात म्हणूनच प्रारूपांची निव्वळ सरासरी न घेता तिला निरीक्षणांची चाळणी लावली गेली. स्वतःच्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या विद्येबद्दल शंका घ्यायची, आणि चूक दाखवून दिल्यावरही तेच वाक्य पुन्हा म्हणणाऱ्या युक्तिवादावर विश्वास ठेवायचा, हा न्याय उलटा आहे.

मग दुसरी फळी उभी राहते. हवामान पूर्वीही बदलत होते की. दुर्गादेवीचा दुष्काळ काय कारखान्यांनी पाडला? १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, छप्पनचा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, ही यादी पुढे केली जाते. ती खरी आहे आणि तिच्यातून काहीही सिद्ध होत नाही. पूर्वी वणवे विजेने लागत होते म्हणून आज कोणी आग लावू शकत नाही असे थोडेच आहे? पूर्वी हवामान बदलले त्यालाही कारणे होती: पृथ्वीच्या कक्षेतले संथ फेरफार, ज्वालामुखी, सूर्याच्या तेजातले चढउतार, प्रशांत महासागराचा एल निनो. आज त्यातले कुठले कारण काम करते आहे हे तपासावे लागते, आणि ते तपासलेले आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत सूर्याच्या तेजात वाढीचा कल नाही. ज्वालामुखींतून दरवर्षी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. एल निनो समुद्रातली उष्णता हवेत आणतो, पण समुद्रच वर्षानुवर्षे तापत असेल तर ती उष्णता कुठून आली याचे उत्तर एल निनोपाशी नाही. साठलेल्या जादा उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रात गेला आहे. उलट हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ पासून मोजला जाणारा कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ३१५ वरून ४२० च्या पलीकडे गेला आहे. औद्योगिक युगापूर्वी तो २८० च्या आसपास होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेवरून पाहिले तर त्याआधीच्या आठ लाख वर्षांत कधी ३०० च्या फारसा वर गेलेला नाही. हा जादा कार्बन कोळसा आणि तेलातला आहे, हे त्यातल्या कार्बन समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते.

शहरांच्या सिमेंटमुळे तापमापक फसतात, हा आक्षेप एके काळी विचार करण्याजोगा होता. रिचर्ड म्युलर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने तो गंभीरपणे घेतला, बर्कलेला स्वतःचा गट उभारून सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या. त्या कामाला पैसा देणाऱ्यांत तेलउद्योगाशी जोडलेल्या कोक कुटुंबाचे प्रतिष्ठानही होते. तापमानवाढ खरी आहे आणि तिला जवळजवळ संपूर्णपणे माणूस कारणीभूत आहे, असा निष्कर्ष म्युलर यांनी २०१२ साली जाहीर केला. सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुगाची भीती घालत होते हे तर निव्वळ अर्धसत्य आहे: १९६५ ते १९७९ या काळातल्या शोधनिबंधांची छाननी झाली तेव्हा थंडीचे भाकीत करणारे सात आणि तापमानवाढीचे चव्वेचाळीस निघाले. नियतकालिकांनी त्या सातांच्या बातम्या मोठ्या केल्या, एवढेच.

खरी अवघड जागा आपल्या दारातच आहे, आणि ती झाकून चालणार नाही. मान्सून. गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ साली हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि मान्सूनच्या आगाऊ अंदाजाचा मार्ग शोधताना त्यांना प्रशांत महासागरातला हवेच्या दाबाचा तो मोठा हेलकावा सापडला, ज्याचा संबंध पुढे एल निनोशी जुळला. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ पासून सोळा घटकांचे सूत्र वापरात आले आणि बरीच वर्षे त्याने साथ दिली. २००२ साली मात्र खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला आणि पडला ८१ टक्के. जुलैत तर निम्माच पडला. हवामानबदल नाकारणारे आजही २००२ चा दाखला देतात. पण हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. ते सूत्र मागच्या वर्षांत आढळलेल्या संबंधांवर उभे होते. पूर्वी अमुक घटक तसा असताना पाऊस असा पडला, म्हणून यंदाही तसाच पडेल, असा त्याचा तर्क होता. असे संबंध कायम राहत नाहीत. १९९७ साली, एरवी मान्सूनला मारक ठरणारा एल निनो जबरदस्त असूनही, भारतात सरासरीइतका पाऊस झाला, ही त्याची आधीच मिळालेली सूचना होती. भविष्य भूतकाळासारखेच असेल हे गृहीतक तिथे अपुरे पडले, आणि हवामानबदल नाकारणाऱ्यांची सगळी मदार नेमकी त्याच गृहीतकावर आहे. पृथ्वीच्या तापमानाचा हिशेब अशा जुन्या संबंधांवर नाही, ऊर्जा नाहीशी होत नाही या नियमावर उभा आहे.

तरीही कबूल केले पाहिजे की शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात नेमका किती पाऊस पडेल हे आज खात्रीने सांगता येत नाही. प्रारूपे मान्सूनला पुरती पकडत नाहीत. १९५१ ते २०१५ या काळात देशातला उन्हाळी मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला असे सरकारच्याच २०२० च्या अहवालात नोंदले आहे. हवा तापली तर पाऊस वाढायला हवा होता, मग घटला कसा, असे विचारले जाते. धूर आणि धुळीच्या सूक्ष्म कणांनी जमिनीवर पोचणारे ऊन कमी केले आणि हिंदी महासागर तापल्याने जमीन व समुद्र यांच्या तापमानातला फरक घटला, ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. पण एकूण बेरजेपेक्षा शेतीला आणि शहराला महत्त्वाचे आहे ते पाऊस कसा पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की १९५१ ते २००० मध्ये मध्य भारतात मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि म्हणून सरासरी जवळपास जागच्या जागी राहिली. त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडले की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. मोठा पाऊस आणखी मोठा होण्यामागे हा साधा नियम आहे. पावसाने सरासरी गाठली हे वाक्य ऑक्टोबरात छापून येते तेव्हा कोरडे गेलेले आठवडे आणि एका रात्रीत वाहून गेलेली माती त्या सरासरीत दिसत नाही. इथे शास्त्र कमी सांगत नाही. आपण चुकीचा आकडा विचारतो.

आणि हवामानबदल मानणाऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३ च्या आसपास. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणी एवढा फरक असलेली एकच घटना उचलून ती हवामानबदलाचा पुरावा म्हणून मिरवणे हे, एका थंड डिसेंबरावरून तापमानवाढ खोटी ठरवण्याइतकेच चूक आहे. पुरावा दशकांच्या नोंदींत असतो. प्रत्येक पूर हवामानबदलाच्या खात्यावर टाकल्याने सुटका होते ती नाले बुजवणाऱ्यांची, पूररेषेत बांधकामाला परवानगी देणाऱ्यांची आणि खारफुटी तोडणाऱ्यांची. मोठा पाऊस वाढणार हे ज्ञात असताना त्यांची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

अनिश्चितता आहे म्हणून थांबा, असे सांगितले जाते तेव्हा ती अनिश्चितता नेहमी सोयीच्या बाजूलाच झुकेल असे धरलेले असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर तापमान अडीच ते चार अंश वाढण्याची शक्यता आज सर्वाधिक मानली जाते. नेमका आकडा माहीत नाही याचा अर्थ तो अडीच असेल असा होत नाही. तो चारही असू शकतो. धरणाच्या भिंतीची मजबुती ठरवताना पूर कमीच येईल असे कोणी शहाणा अभियंता धरत नाही. चक्रीवादळांबाबत आपल्याच देशाने याचा धडा घेतलेला आहे. १९९९ च्या ओडिशातल्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली फायलिन आले तेव्हा लाखो लोकांना वेळेत हलवले आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. वादळ किनाऱ्याला नेमके कुठे धडकेल याबद्दल तेव्हाही अनिश्चितता होती. ती गृहीत धरून माणसे हलवली, ती संपण्याची वाट पाहिली नाही.

राहिला न्यायाचा मुद्दा. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला, आणि आता भारताने विकास थांबवायचा का? हा संताप योग्य आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या खाली आहे. पण हा सवाल जबाबदारीच्या वाटपाचा आहे, विज्ञान खरे की खोटे याचा नाही. किंबहुना विज्ञान खरे असेल तरच भारताला भरपाई मागण्याचा अधिकार पोचतो. हवामानबदल थोतांड आहे असे म्हणायचे आणि त्याच तोंडाने पश्चिमेकडून नुकसानभरपाई मागायची, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

दरम्यान बदल कागदोपत्री उतरू लागले आहेत. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या सरासरी तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस १९९३ च्या अहवालात झाली होती. नाला, पूल, धरणाचा सांडवा, पीकविम्याची अट, यांतली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी वर्षांच्या पावसाच्या आकड्यांवर आखलेली असते. म्हणून उद्या पाऊस पडेल का हे हवामान खात्याला जरूर विचारा. पण तुमच्या नगरपालिकेला, जलसंपदा विभागाला आणि विमा कंपनीला एवढे विचाराच, की तुमचे आकडे कुठल्या सालांचे आहेत, आणि ते शेवटचे कधी बदलले.